घरीच शिकलेली पहिली प्रोग्रॅमर: एडा लव्हलेस

तुमच्या फोनमधलं कुठलंही अ‍ॅप म्हणजे शेवटी सूचनांची यादी असते. आधी हे कर, मग ते कर, अमुक होईपर्यंत पुन्हा कर. मशीनसाठी लिहिलेली अशी एक यादी १८४३ साली लंडनमध्ये छापून आली. ती छापणारी बाई घरीच शिकलेली होती.

हा विषय निघाला माझ्या भाचरांमुळे. भाची १० वर्षांची, भाचा ८ वर्षांचा. राहतात मार्केट यार्डाजवळ आणि शिकतात घरीच. ताईने विचारलं, यांना कोडिंगसाठी कुठलं अ‍ॅप टाकून देऊ? मी म्हटलं, अ‍ॅप नंतर, आधी एडाची गोष्ट ऐक.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५चा. वडील म्हणजे प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. ती महिन्याभराची असतानाच आईवडील वेगळे झाले, आणि ती आठ वर्षांची असताना बायरन ग्रीसमध्ये वारले. आईला गणिताची आवड. पोरगी वडिलांसारखी लहरी होऊ नये म्हणून तिने घरी शिक्षक ठेवून लहानपणापासून गणित शिकवलं. शिस्त कडक होती. स्वतःवर ताबा यावा म्हणून एडाला बराच वेळ हालचाल न करता पडून राहायला लावायचे. मला विचाराल तर त्या शिस्तीने एडा घडली असं वाटत नाही. ती घडली बाराव्या वर्षी, जेव्हा तिला उडायचं होतं.

हो, खरंच उडायचं होतं! तिने पक्ष्यांच्या शरीराचा अभ्यास केला, पंख आणि अंगाचं प्रमाण काढलं, कागद, रेशीम, तार, पिसं यातलं काय चालेल याचा विचार केला. पुढे वाफेवर उडणाऱ्या यंत्राची कल्पनाही मांडली. मोठं काम छोट्या पायऱ्यांत तोडायचं, प्रत्येक पायरी तपासायची. प्रोग्रॅमिंग दुसरं काय असतं? पुढच्याच वर्षी गोवर झाला आणि पाय गेले. कुबड्या घेऊन चालायला लागायलाही दोनेक वर्षं गेली, पण अभ्यास चालूच होता.

१८३३ मध्ये, १७व्या वर्षी, तिची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. त्यांच्या गणित करणाऱ्या यंत्राचा एक भाग तिने चालताना पाहिला. पुढे लग्न झालं, तीन मुलं झाली, तरी ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडून ती पत्रांतून गणित शिकत राहिली. (हे डी मॉर्गन जन्मले आपल्याकडे, मदुराईत!)

बॅबेजच्या नव्या यंत्रावर लुइजी मेनाब्रेआ या इटालियन इंजिनिअरने फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. एडाने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि सोबत स्वतःच्या टिपा जोडल्या. त्या मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाल्या. शेवटच्या टिपेत एक तक्ता आहे. बर्नुली संख्या नावाच्या आकड्यांची एक साखळी असते, त्यातला प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यांवरून निघतो. तो यंत्राने कसा काढायचा याच्या २५ पायऱ्या तिने मांडल्या, आणि १३ ते २३ पायऱ्या पुन्हा करायच्या असंही सांगितलं. आज आपण याला लूप म्हणतो. पुण्यात फुल्यांची मुलींची शाळा सुरू झाली १८४८ मध्ये, म्हणजे हे त्याच्याही पाच वर्षं आधीचं.

भाचरांना मी हाच तक्ता वेगळ्या मालावर दिला. कांदा-बटाटा विभागात शेतकऱ्याला माल विकल्यावर हिशोबाची पट्टी मिळते. ती पट्टी बनवायच्या सूचना लिहायच्या, पण आपल्याला काहीच कळत नाही असं समजून. दोघांनी लिहिलं: प्रत्येक पिशवीचं वजन कर, बेरजेत मिळव, पिशव्या संपेपर्यंत हेच कर, मग भावाने गुण, शेवटी हमाली आणि तोलाई वजा कर. मी मशीन होऊन निमूट हिशोब केला. शेतकऱ्याला दहापट पैसे मिळाले! भाव होता दहा किलोचा, वजन होतं किलोत. दहाने भागायची ओळ राहिली होती. "मामा, तुला कळायला नको का?" भाचा म्हणाला. नाही ना, मशीनला कुठे कळतं.

गंमत म्हणजे एडाच्या छापील तक्त्यातही भागाकाराच्या एका पायरीत आकडे उलटे पडलेत. कशाने भागायचं ते आणि कशाला भागायचं ते, यांची अदलाबदल झाली आहे. तपासायला यंत्रच नव्हतं, कारण ते कधी पूर्ण बांधलंच गेलं नाही.

तक्त्यात बॅबेजचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. बॅबेजनेही आधी अशा पायऱ्या लिहिल्या होत्या आणि गणितात मदतही केली होती. पण आकड्यांच्या जागी संगीताचे सूर ठेवले तर हे यंत्र संगीतही रचू शकेल, हे छापून मांडलं एडाने. तुमच्या फोनमधलं गाण्यांचं अ‍ॅप आठवा.

शेवटची वर्षं वाईट गेली. घोड्यांच्या शर्यतीत पैसे बुडाले, कॅन्सर झाला. २७ नोव्हेंबर १८५२ ला, ३६व्या वर्षी ती गेली. तिला वडिलांच्या शेजारी पुरलं. पुढे शंभरेक वर्षं त्या टिपांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९५३ मध्ये त्या पुन्हा छापल्या गेल्या, तेव्हा खरे कॉम्प्युटर आले होते. १९७९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेला एडा हे नाव दिलं. बोइंग ७७७ विमानाचं बरंचसं सॉफ्टवेअर याच भाषेत लिहिलेलं आहे.