बियाणे बदलले, सातबारा का बदलला नाही?

दरवर्षी 1 जुलैला महाराष्ट्रात कृषी दिन साजरा होतो. परळी वैजनाथच्या आसपासच्या तांड्यांवर त्या दिवशी वसंतराव नाईकांच्या प्रतिमेला हार घातला जातो. आमच्या वस्त्यांत मात्र हे नाव फारसे निघत नाही. आम्हाला वाटते, फुले-शाहू-आंबेडकरी चळवळीने या माणसाचा हिशेब नीट मांडला पाहिजे. श्रेय तिथे श्रेय द्यावे, जाब तिथे जाब विचारावा.

वसंतरावांचा जन्म 1 जुलै 1913 चा. गाव पुसद तालुक्यातील गहुली, समाज बंजारा. आज राज्याच्या यादीत विमुक्त जातींमध्ये मोडणारा हा समाज तेव्हा बैलांच्या पाठीवरचा व्यापार बुडाल्याने तांड्यात येऊन स्थिरावत होता. अशा तांड्यातला मुलगा नागपूरला जाऊन 1940 साली वकील झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी वत्सलाबाई घाटे या ब्राह्मण मुलीशी लग्न केले. दोन्हीकडच्या समाजांचा रोष त्यांनी पत्करला, हे जातिअंताची भाषा बोलणाऱ्यांनी विसरता कामा नये. नगराध्यक्ष, आमदार, मंत्री अशा पायऱ्या चढत 5 डिसेंबर 1963 रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत त्या खुर्चीवर राहिले.

त्यांच्या हाती राज्य आले तेव्हा अन्नाची टंचाई होती. अमेरिकेचा गहू आणि तांबडा मिलो रेशनवर येत होता. अमेरिकेत संकरित मक्याने शेतीचे रूप पालटले होते. भारतातही 1961 साली गंगा, रणजित, डेक्कन हे संकरित मक्याचे पहिले वाण आले. पण मराठवाड्याचे पोट मक्यावर नाही, ज्वारीवर चालते. 1964 साली सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला आणि वसंतरावांनी तो उचलून धरला.

हे बियाणे तयार करणे सोपे नव्हते. परागकण नसलेल्या मादी वाणाच्या चार ओळी, शेजारी नर वाणाच्या दोन ओळी, आणि आजूबाजूला दोनशे मीटरपर्यंत दुसरी ज्वारी नाही. मादीच्या कणसातले दाणे तेवढे बियाणे म्हणून घ्यायचे. मग गावरान ज्वारीच्या शेजारी ते पेरून उतारा ताडून पाहायचा. ताटे बुटकी, पीक शंभर दिवसांच्या आसपास हाती, आणि खत-पाणी मिळाले तर उतारा गावरानपेक्षा कितीतरी जास्त. वसंतराव स्वतः शेतकरी होते. ते बांधावर जाऊन शेतकऱ्यांशी बोलत आणि नवे बियाणे पेरायला लावत.

पण दोषही होते. पीक लवकर येई आणि परतीच्या पावसात सापडे, कणसाला बुरशी लागून दाणा काळा पडे. खोडमाशी पडे, बुटक्या ताटांचा कडबा कमी मिळे, भाकरीला चव नसे. ही काळी ज्वारी स्वस्तात विकली जाई आणि गरिबाच्या टोपलीत पडे. घरचे बी दुसऱ्या वर्षी चालत नसल्याने दरसाल पिशवी विकत घ्यावी लागे. संकरित वाण पसरला तो खरिपात. रब्बीत मालदांडीच टिकून राहिली.

तरीही काम मोठे होते. 1968 ते 1972 या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. परळीहून गंगाखेडमार्गे रेल्वेने गाठता येणाऱ्या परभणीच्या विद्यापीठाला 2013 पासून वसंतरावांचेच नाव आहे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, खडी फोडून लाखो माणसे जगली.

मग जाब कशाचा? जमिनीचा. 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा झाला तेव्हा महसूलमंत्री वसंतरावच होते. बड्या बागायतदारांनी नातेवाइकांच्या नावे वाटण्या दाखवून त्यातून पळवाटा काढल्या. साखर कारखान्यांकडून काढून घेतलेली जमीन भूमिहीनांना न देता शेती महामंडळाकडे गेली. 6 डिसेंबर 1964 रोजी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला, तेव्हा मुख्यमंत्री वसंतरावच होते. सीएसएच-1 आले तेही याच वर्षी! एका बाजूला सरकार नवे बी वाटत होते, दुसऱ्या बाजूला ते पेरायला वावर मागणारी आमची माणसे तुरुंग भरत होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली घटना समितीसाठी केलेल्या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणेही राज्याने पुरवावे, असे मांडले होते. बाबासाहेबांनी जमीन आणि बियाणे वेगळे केले नव्हते. वसंतरावांच्या राजवटीने ते वेगळे केले. म्हणून हरितक्रांती आली ती ज्याच्याकडे विहीर आणि वावर होते त्याच्या दारात.

वसंतराव 18 ऑगस्ट 1979 रोजी सिंगापूरला वारले. खरिपातल्या ज्वारीची जागा आज बव्हंशी सोयाबीन आणि कापसाने घेतली आहे. भूमिहीन मात्र तिथेच आहे. दिवाळीच्या आगेमागे परळी परिसरातून ऊसतोडीला ट्रॅक्टर-ट्रक निघतात. तांड्यावरचा बंजारा आणि आमच्या वस्तीतला माणूस एकाच ट्रॉलीत कोयता घेऊन बसलेला असतो. तांड्यातला माणूस अकरा वर्षे मुख्यमंत्री राहूनही तांड्याचा कोयता सुटला नाही, यातच सारे आले.

येत्या 1 जुलैला आम्हीही वसंतरावांना अभिवादन करू. पण हार घालून थांबणार नाही. गायरान कसणाऱ्या, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बंजारा आणि बौद्ध कुटुंबांनी एकत्र येऊन तहसीलवर जावे. बियाणे दुकानात मिळते. जमीन संघटित झाल्याशिवाय मिळत नाही.