विश्लेषण : रोज ब्रेड आणि चीजच! तत्त्वज्ञ विटगेन्स्टाईन एकाच पदार्थावर खूश का असायचे?

आयुष्यभर एकच सँडविच खायचं असेल तर कोणतं निवडाल? मित्रांच्या कट्ट्यावर हा प्रश्न निघाला की तासभर वाद रंगतो. बॉम्बे मसाला टोस्ट की साधं चटणी-काकडी, चीज हवं की नको, यावर एकमत होत नाही. विसाव्या शतकातले सर्वांत प्रभावी तत्त्वज्ञ मानल्या जाणाऱ्यांपैकी एक असलेल्या लुडविग विटगेन्स्टाईन यांना मात्र हा प्रश्न फारसा अवघड वाटला नसता. वयाच्या साठाव्या वर्षी अमेरिकेत मित्राच्या घरी मुक्कामाला असताना त्यांनी ब्रेड आणि चीज निवडलं आणि ते बदललं नाही. हा नुसता हट्ट होता, की त्यामागे काही विचार होता?

नेमकं काय घडलं होतं?

जुलै १९४९ मध्ये विटगेन्स्टाईन अमेरिकेत इथाका या गावी गेले. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणारे नॉर्मन माल्कम हे त्यांचे जुने विद्यार्थी. माल्कम यांच्या पत्नीने सुरुवातीच्या एका जेवणात त्यांना स्विस चीज आणि राय ब्रेड दिला. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे. हे गव्हासारखं एक धान्य आहे आणि त्याचा ब्रेड काळपट, दाट आणि किंचित आंबट असतो. विटगेन्स्टाईन यांच्या मायदेशी, ऑस्ट्रियात, तो घरोघरी खाल्ला जातो.

पाहुण्यांना हे जेवण इतकं आवडलं, की पुढे प्रत्येक जेवणाला त्यांना तेच हवं असायचं. यजमानीण बाईंनी केलेल्या इतर पदार्थांकडे ते फारसं लक्ष देत नसत. काय खातो याने फरक पडत नाही, रोज तेच असलं म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. माल्कम यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे.

परिस्थितीमुळे ही सवय लागली होती का?

नाही. विटगेन्स्टाईन यांचा जन्म २६ एप्रिल १८८९ रोजी व्हिएन्नात झाला. वडील कार्ल हे ऑस्ट्रियातले पोलादसम्राट. घर राजवाड्यासारखं होतं आणि संगीतकार ब्राम्स यांच्यासारखे पाहुणे तिथे येत असत. आठ भावंडांत लुडविग सर्वांत धाकटे. पण या श्रीमंत घरात दुःखही मोठं होतं. त्यांच्या तीन भावांनी आत्महत्या केली. चौथा भाऊ पॉल पियानोवादक होता, त्याने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला.

लुडविग यांचं शिक्षण इंजिनीअरिंगचं. बर्लिनमध्ये मेकॅनिकलचे धडे घेतल्यावर १९०८ मध्ये ते मँचेस्टरला विमानशास्त्राच्या संशोधनासाठी गेले. विमानाच्या पंख्यातल्या सुधारणेसाठी त्यांना १९११ मध्ये पेटंट मिळालं. मात्र पंख्याच्या गणितातून ते शुद्ध गणिताकडे आणि तिथून तर्कशास्त्राकडे वळले. त्याच वर्षी ते केंब्रिजला बर्ट्रांड रसेल यांच्याकडे पोहोचले.

१९१३ मध्ये वडील गेले आणि लुडविग युरोपातल्या अतिश्रीमंत तरुणांपैकी एक झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी एक लाख क्राउन गरजू कवी-कलावंतांना वाटण्यासाठी दिले. महायुद्धात ते स्वेच्छेने ऑस्ट्रियाच्या सैन्यात भरती झाले. युद्धकाळातच त्यांनी ‘ट्रॅक्टेटस’ हा ग्रंथ पूर्ण केला. इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून १९१९ मध्ये सुटून घरी आल्यावर त्यांनी आपल्या वाट्याची सगळी संपत्ती भावंडांच्या नावावर करून टाकली. ती परत मिळण्याची एकही वाट उरू नये, असा त्यांचा आग्रह होता.

साधेपणा नेमका कुठे कुठे दिसायचा?

जवळपास सगळीकडे. केंब्रिजमधल्या त्यांच्या खोलीत मोजकंच सामान होतं. तासाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना घडीच्या खुर्च्यांवर बसावं लागे. सूट आणि टाय ते घालत नसत. तास संपला की थकून थेट सिनेमाला जायचे आणि पहिल्या रांगेत बसून बन किंवा थंड पाय खात पडद्याकडे बघत राहायचे.

१९३४ मध्ये ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मॉरिस ड्रुरी या मित्राकडे गेले. ड्रुरी यांनी पहिल्या दिवशी भाजलेली कोंबडी आणि गोड पुडिंग असा साग्रसंगीत बेत केला. विटगेन्स्टाईन यांनी तो मुकाट्याने खाल्ला आणि नंतर नियम घालून दिला. सकाळी लापशी, दुपारी बागेतल्या भाज्या, रात्री एक उकडलेलं अंडं. उरलेला मुक्काम याच वेळापत्रकावर पार पडला.

१९४८-४९ च्या हिवाळ्यात डब्लिनमध्ये असताना ते दुपारी बुलीज या कॅफेत जात आणि रोज ऑम्लेट व कॉफी घेत. काही दिवसांनी तिथली वेट्रेस न विचारताच तेच आणून ठेवू लागली. याचा त्यांना फार आनंद झाला होता.

मग एकच पदार्थ का?

त्यांनी याचं सविस्तर स्पष्टीकरण कुठे दिलेलं नाही. आयुष्याकडे पाहिलं तर एक धागा मात्र दिसतो. जे काम हातात आहे त्यात पूर्ण जीव ओतायचा आणि बाकीच्या गोष्टी एकदाच ठरवून टाकायच्या, अशी त्यांची पद्धत होती. १९२६ ते १९२८ या काळात बहिणीसाठी व्हिएन्नात घर उभारताना त्यांनी दारांच्या मुठी आणि रेडिएटरच्या मापांवर प्रचंड वेळ घालवला. म्हणजे बारकाव्यांचा त्यांना कंटाळा नव्हता. तो वेळ ताटाला द्यायची त्यांची तयारी नव्हती. माल्कम यांच्या घरी भांडी घासताना मात्र ते गरम पाणी, साबण आणि नीट विसळणं याबाबत भलतेच काटेकोर असत.

या साधेपणाची दुसरी बाजू कोणती?

इथे गोष्ट थोडी अवघड होते. त्यांचा साधेपणा निवडलेला होता, आणि त्याच काळात कित्येकांना निवडच नव्हती. ब्रिटनमध्ये चीजचं रेशनिंग १९५४ पर्यंत सुरू होतं. शिवाय स्वतःला लावलेले कडक नियम त्यांनी अनेकदा इतरांवरही लादले. ड्रुरींची कोंबडी किंवा माल्कम यांच्या पत्नीने रांधलेलं जेवण बाजूला पडलं, हे त्यातलं सौम्य उदाहरण.

गंभीर उदाहरण शाळेतलं आहे. १९२० पासून सहा वर्षं ते ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. मुलांसाठी त्यांनी खूप मेहनत घेतली, पण ते मारतही असत. १९२६ मध्ये ऑटरताल गावात त्यांनी मारल्यावर एक आजारी मुलगा कोसळला आणि त्यांनी नोकरी सोडली. सुमारे दहा वर्षांनी ते त्या गावात परत गेले आणि काही माजी विद्यार्थ्यांच्या दारात जाऊन त्यांनी माफी मागितली.

भारताशी काही संबंध?

थोडासा, तोही खाण्याशी नाही. व्हिएन्नातल्या विज्ञाननिष्ठ तत्त्वज्ञांच्या बैठकीत चर्चा करण्याऐवजी ते कधी कधी श्रोत्यांकडे पाठ करून रवींद्रनाथ टागोरांच्या कविता वाचत. टागोरांच्या ‘राजा’ नाटकाच्या इंग्रजी अनुवादाचा काही भाग त्यांनी पुढे एका विद्यार्थ्यासोबत नव्याने लिहूनही काढला.

शेवट कसा झाला?

अमेरिकेहून परतल्यावर नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचं निदान झालं. शेवटचे महिने ते केंब्रिजमध्ये आपल्या डॉक्टरांच्याच घरी राहिले आणि अखेरच्या दिवसांपर्यंत लिहीत राहिले. ६२ व्या वाढदिवसानंतर तीनच दिवसांनी, २९ एप्रिल १९५१ रोजी त्यांचं निधन झालं. ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ हा त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जगभरातल्या विद्यापीठांत आजही अभ्यासला जातो.

आज ॲप उघडून काय मागवायचं हे ठरवण्यातच अनेकांची अर्धी जेवणाची सुट्टी जाते. त्यांना विटगेन्स्टाईन यांची युक्ती मोहात पाडू शकते. ती वापरायला हरकत नाही. फक्त घरात कुणी आपल्यासाठी वेगळं काही रांधलं असेल, तर त्या दिवशी ब्रेड-चीज बाजूला ठेवलेलं बरं.