चित्रशाळेचे विष्णुशास्त्री

गोदावरीकाठच्या शहागडजवळ, राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. शंभर वर्षांनंतर अशा लढायांच्या आठवणी बखरी-पोवाड्यांतच उरल्या होत्या. इतिहासातील चेहरे घरोघरी पोहोचविणाऱ्या उद्योगाचा पाया घातला तो विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

विष्णुशास्त्रींचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. विद्वान कृष्णशास्त्रींचे ते पुत्र. १८७२ मध्ये पदवी मिळवून ते सरकारी शाळेत शिक्षक झाले. १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सरकारी चाकरीत राहून स्वभाषा व स्वदेश यांचा अभिमान परखडपणे मांडला.

युरोपात तेव्हा वीरांची छापील चित्रे राष्ट्रभावनेची वाहक बनली होती. फ्रान्समधील एपिनालच्या छापखान्यातून निघालेली नेपोलियनची स्वस्त रंगीत चित्रे त्याच्या पतनानंतरही खेड्यापाड्यांत टिकून राहिली. महाराष्ट्रात मात्र राज्य १८१८ मध्येच बुडाले होते. १८७८ मध्ये लिटनच्या राजवटीने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घातले आणि शस्त्रांसाठी परवाना सक्तीचा केला. त्याच वर्षी पुण्यात चित्रशाळा उभी राहिली. बखरी प्रसिद्ध करणारे ‘काव्येतिहाससंग्रह’ही त्याच वर्षीचे.

शिळाछापाच्या रंगीत चित्रात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे. या खटाटोपातून रामपंचायतनासारख्या देवादिकांबरोबरच शिवाजी महाराज आणि नाना फडणवीसही मराठी घरांच्या भिंतींवर आले. ज्याला वाचता येत नव्हते, त्यालाही हा इतिहास पाहता आला.

मात्र तो कोणाच्या नजरेने पाहायचा, हा वाद तेव्हाही होता. महात्मा फुले यांनी १८६९ मध्येच पोवाडा रचून शिवरायांना कुळवाड्यांचा राजा म्हणून गौरविले होते. त्याच फुल्यांवर ‘निबंधमाले’तून कठोर प्रहार झाले. विष्णुशास्त्रींच्या स्वाभिमानाची ही मर्यादा होय.

१८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १८८० मध्ये टिळक आदींसह न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाले. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वासुकाका जोशी यांनी चित्रशाळा पुढे वाढविली. टिळकांनी १८९६ च्या सुमारास शिवजयंती उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा महाराजांचे चित्र अनेक घरांत आधीच पोहोचलेले होते.