पाखरांसाठी शेतं विकत घेणाऱ्या अहिल्यादेवी: निसर्ग जपण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी का नको?

ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की बीड जिल्ह्यातल्या शेतांवर पाखरांचे थवे उतरतात. मग शेतात माळा बांधला जातो, गोफण फिरते, पत्र्याचे डबे वाजतात आणि घरातलं एक माणूस दिवसभर राखणीला बसतं. पाखरं जगली पाहिजेत हे शेतकऱ्यालाही मान्य असतं. पण त्यांनी खाल्लेला प्रत्येक दाणा त्याच्या कणगीतून वजा होतो. पाखरं सगळ्यांची, नुकसान मात्र एकट्याचं, हा गुंता जुना आहे.

अडीचशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्तीने हा गुंता आपल्या परीने सोडवला होता. त्यांचं नाव अहिल्यादेवी होळकर. मंदिरं आणि घाट बांधणाऱ्या राणी म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पाखरं, मासे, बैल आणि जंगलातली माणसं यांच्याशी त्या कशा वागल्या, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

बीडच्या वेशीवरचं गाव

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चोंडी गावात झाला. आज हे गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात येतं. जामखेडची हद्द बीड जिल्ह्यातल्या आष्टी आणि पाटोदा या तालुक्यांना लागून आहे. चोंडी सीना नदीच्या काठावर वसलंय. जिल्ह्याची रेघ ओलांडली तरी मुलूख बदलत नाही. तोच बेभरवशाचा पाऊस, तीच ज्वारी-बाजरी, उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरी आणि माळावर मेंढरं घेऊन फिरणारी माणसं.

वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. कुटुंब धनगर समाजातलं. मुलींना शिकवायची रीत नसलेल्या काळात माणकोजींनी लेकीला लिहायला-वाचायला शिकवलं. पाणी आणि चारा नसला की जनावराचे आणि माणसाचे काय हाल होतात, हे अशा मुलखात वाढलेल्या मुलीला कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१७३३ च्या सुमारास त्यांचं लग्न मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी झालं आणि त्या माळव्यात गेल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून गेले. अहिल्यादेवी सती जायला निघाल्या होत्या, मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. पुढे मोहिमांवर असलेले मल्हारराव सुनेवर कारभाराच्या मोठ्या जबाबदाऱ्या सोपवू लागले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेरावही गेला. त्यानंतर राज्याची सूत्रं अहिल्यादेवींच्या हाती आली. फौजेची बाजू तुकोजी होळकर सांभाळत आणि मुलकी कारभार अहिल्यादेवी. नर्मदेकाठच्या महेश्वरातून त्यांनी १७९५ पर्यंत, म्हणजे जवळपास २८ वर्षं राज्य चालवलं.

पाखरांचं शेत

अहिल्यादेवींच्या या बाजूची नोंद ठेवणारा माणूस त्यांच्या दरबारातला नव्हता. तो होता सर जॉन माल्कम, ब्रिटिश सेनानी आणि प्रशासक. १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत माल्कम होळकरांच्या फौजेविरुद्ध लढला. नंतर माळव्याचा कारभार त्याच्याकडे आला. अहिल्यादेवींना जवळून पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून ऐकलेली माहिती त्याने १८२३ मध्ये आलेल्या मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवली.

माल्कम सांगतो की उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यांवर माणसं नेमलेली असत. महेश्वरच्या आसपास भर उन्हात नांगर चालू असेल, तर अहिल्यादेवींचा माणूस येऊन औत थांबवायचा आणि बैलांना पाणी पाजायचा. नदीतल्या माशांसाठी आणि रानातल्या जनावरांसाठी अन्नाचा वाटा काढून ठेवलेला असायचा.

याच नोंदीत पाखरांची गोष्ट येते. अहिल्यादेवींनी काही शेतं विकत घेतली आणि ती पाखरांसाठी मोकळी सोडली. इतर शेतांमधून हुसकावलेले थवे तिथे येऊन निर्धास्त दाणे टिपायचे.

यातला बारकावा महत्त्वाचा आहे. शेतकऱ्यांनी पाखरं हाकलू नयेत, असा हुकूम अहिल्यादेवींना सहज काढता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. उलट शेतकरी पाखरं हाकलतो हे रास्तच आहे, त्या दाण्यावर त्याचं पोट आहे, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी शेतकऱ्याच्या हातातली गोफणही काढून घेतली नाही आणि पाखरांनाही उपाशी ठेवलं नाही. मधला खर्च स्वतः उचलला.

त्यांच्या दानधर्माचा मोठा भाग होळकरांच्या खासगी उत्पन्नातून होत असे. राज्याचा पैसा म्हणजे दौलत आणि राजघराण्याचं स्वतंत्र उत्पन्न म्हणजे खासगी, असे दोन हिशेब वेगळे ठेवलेले होते.

जंगलातल्या माणसांचं काय?

निसर्ग जपण्याच्या बाबतीत आणखी एक तिढा नेहमी पडतो. जंगल राखायचं, तर त्यात राहणाऱ्या माणसांचं काय करायचं?

अहिल्यादेवींच्या राज्यात सातपुडा आणि विंध्याच्या रांगांमध्ये भिल्ल आणि गोंड राहत. डोंगरातून जाणारे व्यापारी तांडे लुटले जात. सुरुवातीला त्यांनी बळाचा वापर केला. पण नंतर वेगळी वाट धरली. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर लहानशी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क होता, त्याला भिलकवडी म्हणत. हा हक्क त्यांनी मान्य केला. पडीक जमिनी कसायला दिल्या. बदल्यात त्या त्या टापूतल्या वाटसरूंच्या सुरक्षिततेची आणि चोरीला गेलेला माल परत मिळवण्याची जबाबदारी तिथल्याच प्रमुखांवर टाकली.

यामागचा हेतू जंगल वाचवण्याचा नव्हता, वाटा सुरक्षित करण्याचा होता. पण डोंगरातल्या माणसाला हुसकावून लावण्यापेक्षा त्याचा हक्क मानून त्यालाच राखणदार करावं, हा विचार आजच्या वनव्यवस्थापनातही मांडला जातो.

परळीपर्यंत पोचलेलं काम

अहिल्यादेवींचं काम त्यांच्या राज्याच्या हद्दीत थांबलं नाही. काशी, सोमनाथ, वेरूळ अशा अनेक ठिकाणी त्यांनी बांधकामं केली. बीड जिल्ह्यात परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. परळी होळकरांच्या राज्यात नव्हती, तिथून त्यांना महसूल मिळत नव्हता. तरीही बालाघाटाच्या डोंगरउतारावरच्या या देवस्थानासाठी त्यांनी खर्च केला.

मंदिरांबरोबर त्यांनी घाट, विहिरी, बारवा, कुंड आणि धर्मशाळाही उभारल्या. कमी पावसाच्या भागात बांधीव बारव म्हणजे नुसती शोभेची वास्तू नसते. पायऱ्यांमुळे पाणी खाली गेलं तरी माणूस तिथवर पोचतो. दगडी भिंतींच्या खोबणीत पारवे घरटी करतात, पाण्यात मासे आणि बेडूक राहतात. एका बांधकामावर माणसाची तहान भागते आणि इतर जिवांचाही संसार चालतो.

व्हॉट्सॲपवरची सातबाऱ्याची गोष्ट

अहिल्यादेवींबद्दल एक मेसेज सारखा फिरत असतो. त्यांनी लोकांना १२ झाडं लावायला दिली, त्यातल्या ७ झाडांचं उत्पन्न लावणाऱ्याचं आणि ५ झाडांचं सरकारचं, म्हणून सातबारा हे नाव पडलं, असं त्यात म्हटलेलं असतं. गोष्ट गोड आहे, पण सातबाऱ्याचं नाव तिथून आलेलं नाही. गावाच्या महसुली दप्तरात क्रमांक दिलेले नमुने असतात. नमुना ७ मध्ये जमिनीवरच्या हक्कांची नोंद असते आणि नमुना १२ मध्ये पिकांची. हे दोन्ही एकत्र मिळतात तो सातबारा. अहिल्यादेवींचं मोठेपण सांगायला अशा जोडगोष्टींची गरज नाही.

जैवविविधता हा शब्दही त्यांच्या काळात नव्हता. त्यांच्या कामामागे भूतदया आणि धर्मश्रद्धा होती. मात्र त्याचा उपयोग आजच्या ज्ञानाने नीट समजतो. चिमणीसारखी दाणे खाणारी पाखरंसुद्धा पिल्लांना अळ्या आणि किडे भरवतात. घुबडं शेतातले उंदीर संपवतात. पाखरं पुरती नाहीशी झाली, तर किडीचा खर्च पुन्हा शेतकऱ्याच्याच खिशातून जातो.

प्रश्न तोच, मुलूखही तोच

अहिल्यादेवींचं १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरात निधन झालं. तेव्हा त्या ७० वर्षांच्या होत्या.

त्यांच्या जन्मगावापासून फार लांब नसलेल्या पाटोदा तालुक्यात १९९४ मध्ये नायगाव मयूर अभयारण्य जाहीर झालं. सुमारे ३० चौरस किलोमीटरचं हे जंगल मोरांसाठी ओळखलं जातं. मोराला कुंपण किंवा हद्द कळत नाही. तो किडे, सरडे खातो, तसाच पेरलेलं बीही उकरतो. हरणं आणि रानडुकरं तर एका रात्रीत उभं पीक आडवं करतात. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीला आज सरकारी भरपाईची तरतूद आहे. पण त्यासाठी अर्ज, पंचनामा आणि मग वाट पाहणं आलंच.

अशा वेळी शेतकऱ्याला निसर्गप्रेमाचे धडे देणं सोपं असतं. अहिल्यादेवींनी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. आधी शेतकऱ्याचं म्हणणं रास्त मानलं, मग पाखरांची सोय लावली, आणि दोन्हींसाठी पैसे मोजले ते ज्याच्याकडे ते होते त्याने, म्हणजे स्वतः. बीडमधली पाखरं, मोर आणि हरणं टिकवायची असतील, तर भरपाई वेळेत शेतकऱ्याच्या हातात पडणं हे झाडं लावण्याइतकंच निसर्गरक्षणाचं काम आहे.