कुलूपवाल्याचा मुलगा

कुणकेश्वरच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. आमच्या घरची जुनी मोटारसायकल चार-पाच दिवस उभी राहिली की तिची बॅटरी उतरे. नवी बॅटरी आणली, तिचीही तीच गत झाली. हा बिघाड शोधताना ज्या नियमाचा आधार घ्यावा लागला, त्याच्या जनकालाही एकदा उतरत्या बॅटरीनेच चकविले होते.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलुपे बनविणारे कारागीर. या गृहस्थाने स्वकष्टाने गणित व विज्ञान आत्मसात केले आणि तेच मुलांना शिकविले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. विद्यापीठात गेलेला मुलगा नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड यांत रमला; वडील संतापले, शिक्षण मध्येच सुटले आणि स्वित्झर्लंडमध्ये शिक्षकाची नोकरी धरावी लागली. पुढे १८११ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली. १८१७ साली तो कोलोनच्या शाळेत आला. तेथे प्रयोगशाळा चांगली होती; उपकरणे घडविण्याचा हात घरचाच होता.

तारेची लांबी वाढविली की विद्युतप्रवाह किती घटतो, हे त्याला मोजायचे होते. पण त्या काळच्या घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच खाली येई. त्यामुळे १८२५ च्या पहिल्या निबंधातील सूत्र चुकले. पोगेनडोर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्याने घट बाजूला ठेवला आणि बिस्मथ व तांबे यांचा जोड घेतला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. आता दाब स्थिर राहिला आणि नियम हाती आला: प्रवाह दाबाच्या सम प्रमाणात व रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

१८२७ मध्ये ग्रंथ निघाला. त्यावर प्राध्यापकपद मिळेल ही आशा होती. वाट्याला आली उपेक्षा. १८२८ मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली व काही वर्षे किरकोळ शिकवण्यांवर काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला जागा मिळाली, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ले पदक. म्युनिक विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे अध्यासन लाभले ते १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ६ जुलै १८५४ रोजी तो निवर्तला. रोधाच्या एककासाठी त्याचे नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेने स्वीकारले.

आम्ही गाडी बंद ठेवून बॅटरीची अर्थची तार सोडविली आणि मध्ये अँपिअरमापक जोडला. काटा एक दशांश अँपिअरवर स्थिरावला. सहा व्होल्टला एक दशांशाने भागले, साठ ओहम आले. कुठेतरी तेवढ्या रोधाची चोरवाट होती. बारा अँपिअर-अवरची बॅटरी त्या गळतीने एकशेवीस तासांत, म्हणजे पाच दिवसांत रिकामी होणारच! हॉर्न, दिवे, ब्रेकचा स्विच, एकेक तार काढली. काटा हलला नाही. शेवटी किल्लीच्या स्विचकडे येणारी तार काढली आणि काटा शून्यावर आला. आत ओलसर मिठाचा थर साचला होता.

दोष कुलुपातच होता. कुलूपवाल्याच्या मुलाने तो दोनशे वर्षांपूर्वीच्या नियमाने दाखवून दिला. त्याच्या पहिल्या निबंधातली चूकही मला तितकीच मोलाची वाटते. ती मान्य करून त्याने मोजणी पुन्हा मुळापासून सुरू केली नसती, तर आम्ही आणखी एक नवी बॅटरी आणली असती.