भरपाईचा हिशेब आणि जॉन रॉस

जमिनीची नुकसानभरपाई हा केवळ रकमेचा प्रश्न नव्हे. किंमत कोणी ठरवली, संमती कोणाची घेतली आणि त्या रकमेतून कोणते खर्च वळते केले, यावर तिची न्याय्यता अवलंबून असते. अमेरिकेतील चेरोकी राष्ट्राचे प्रमुख जॉन रॉस यांचे अर्धेअधिक आयुष्य याच प्रश्नांशी झगडण्यात गेले.

रॉस यांचा जन्म १७९० चा. त्यांचे बहुतेक पूर्वज स्कॉटिश होते; चेरोकी वारसा आईकडून आलेला. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत ते अँड्र्यू जॅक्सन यांच्या बाजूने लढले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या याच जॅक्सन यांच्या कारकीर्दीत, १८३० साली, मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा झाला. १८२८ पासून प्रमुखपदी असलेल्या रॉस यांनी शस्त्राऐवजी अर्ज आणि न्यायालय यांचा मार्ग पत्करला. जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकी भूमीवर लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८३२ मध्ये दिला. पण त्याची अंमलबजावणी झाली नाही. जॉर्जियाने ती जमीन सोडत काढून वाटून टाकली. १८३५ मध्ये रॉस वॉशिंग्टनहून परतले, तेव्हा त्यांच्याच घराचा ताबा परक्याने घेतलेला होता.

त्याच वर्षी रॉस यांनी संपूर्ण भूमीसाठी २ कोटी डॉलरची मागणी केली होती. सिनेटने ५० लाखांवर जाण्यास नकार दिला आणि रॉस यांनी ती रक्कम अमान्य केली. तथापि, विस्थापन अटळ आहे, तेव्हा मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, असे मानणाऱ्या काही पुढाऱ्यांनी डिसेंबरमध्ये न्यू एकोटा येथे परस्पर तह केला. त्यांचा अंदाज निराधार नव्हता. अधिकार मात्र त्यांना नव्हता. १५,००० हून अधिक नावांचे निषेधपत्र डावलून सिनेटने १८३६ मध्ये अवघ्या एका मताने तो तह मंजूर केला. १८३८ मध्ये सैन्याने चेरोकींना घराबाहेर काढले. त्या प्रवासात आणि छावण्यांत सुमारे ४,००० माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. रॉस यांची पत्नीही त्याच वाटेवर मृत्यू पावली.

त्यानंतर सुरू झाला हिशेबाचा लढा. माणसांना हाकलण्याचा खर्च त्यांच्याच जमिनीच्या किमतीतून कापला गेला होता! रॉस वॉशिंग्टनला वारंवार खेटे घालीत राहिले. १८४६ च्या नव्या तहाने हिशेब फेरतपासणीला आला. १८५० मध्ये सिनेटने निर्वाहखर्चाची कपात चुकीची ठरविली आणि व्याजही मान्य केले. स्थलांतराच्या खर्चाचा वाद मात्र शिल्लक राहिला.

रॉस निर्दोष नव्हते. ते गुलामांचे मालक होते. त्यांचे गुलामही पश्चिमेकडे नेले गेले, पण भरपाईच्या हिशेबात त्यांना स्थान नव्हते. स्थलांतराच्या पुरवठ्याचे कंत्राट रॉस यांच्या भावाकडे गेल्याने टीकाही झाली. हे दोष झाकण्याचे कारण नाही. पण त्यामुळे मूळ दावा खोटा ठरत नाही.

१ ऑगस्ट १८६६ रोजी वॉशिंग्टनमध्येच, आपल्या राष्ट्राची बाजू मांडण्यासाठी गेले असता, रॉस यांचे निधन झाले. कापलेला स्थलांतरखर्च, ११ लाखांहून अधिक डॉलर, १८३८ पासूनच्या व्याजासह परत करावा, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम केला तो १९०६ मध्ये. घरे गमावलेली पिढी तोवर जवळजवळ संपली होती. व्याजाने रकमेची उणीव भरून निघते. विलंबाने गेलेल्या आयुष्यांची भरपाई कोणत्याही खतावणीत मांडता येत नाही.