धरती आबा बिरसा मुंडा

रानावनात जन्मून ज्यांनी रानाचा हक्क निर्भयपणे सांगितला, अशा पुरुषांचे स्मरण करताना बिरसा मुंडा यांचे नाव आमच्या ओठी प्रथम येते. छोटा नागपूरमधील उलिहातू गावी १५ नोव्हेंबर १८७५ रोजी एका दरिद्री मुंडा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पित्याचे नाव सुगना, मातेचे करमी. चाईबासा येथील जर्मन मिशनच्या शाळेत त्यांचा काही वर्षे विद्याभ्यास झाला.

ज्या कुळाने जंगल तोडून गाव वसवले, त्याच कुळाची ती जमीन आणि भोवतालचे रान, अशी मुंडांची पूर्वापार रीत होती. तिला खुंटकट्टी म्हणत. जमीनदार व सावकार यांनी ती मोडीत काढली; राने सरकारने संरक्षित ठरवून ताब्यात घेतली. सरदारी चळवळीने वर्षानुवर्षे अर्ज केले, ते व्यर्थ गेले. १८९४ च्या सुमारास बिरसा या वनहक्कांच्या लढ्यात उतरले. लोक त्यांना धरती आबा, म्हणजे धरणीचा पिता, मानू लागले.

१८९५ मध्ये सरकारने त्यांना पकडून दोन वर्षांच्या शिक्षेवर हजारीबागच्या तुरुंगात धाडले. सुटल्यावर त्यांनी पुन्हा माणसे जमवली. १८९९ च्या नाताळात मिशनांवर बाण सुटले. पुढे पोलीसही मारले गेले. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु अर्जविनंत्यांची वाट आधीच बंद झाली होती, हेही विसरता येत नाही. ९ जानेवारी १९०० रोजी सैल रकब टेकडीवर जमलेल्या मुंडांवर गोळीबार झाला; त्यात स्त्रियाही बळी पडल्या. बिरसांवर ५०० रुपयांचे इनाम लागले व फेब्रुवारीत ते पकडले गेले. ९ जून १९०० रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, रांचीच्या तुरुंगात त्यांची प्राणज्योत मालवली. सरकारने पटकीचे कारण नोंदवले. अनुयायांना ते पटले नाही.

माणूस गेला, मागणी मात्र उरली. १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्यात सरकारला खुंटकट्टी मान्य करावी लागली आणि आदिवासींची जमीन परक्यांच्या हाती जाण्यास आळा बसला. २०१६ मध्ये झारखंड शासनाने हाच कायदा बदलू पाहिला, तेव्हा आदिवासी पुन्हा उभे राहिले. २०१७ मध्ये राज्यपालांनी विधेयक परत पाठवले व शासनाने ते मागे घेतले.

कायदा कागदावर लिहिला म्हणजे तो टिकतोच असे नाही. त्याला राखणारी माणसे लागतात. आमच्या तरुणांनी बिरसांच्या तसबिरीला हार घालावा, आणि त्याच दिवशी आपल्या गावच्या रानाचे व जमिनीचे कागदही वाचून पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.